दिवा जळतोय म्हणून टाकीत उतरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांडपाण्याच्या टाकीत कामगार दगावल्याची बातमी आली की कोणीतरी हमखास सांगतो, आधी कंदील सोडून पाहा, विझला तर उतरू नका. हा सल्ला विहिरींच्या काळातला. विहिरीत प्राणवायू फारच कमी झाला तर दिवा विझतो, हे खरं. पण कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) किंवा गटारात जीव घेतो तो बहुधा हायड्रोजन सल्फाइड, आणि तिथे कंदील नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे.

हा वायू हवेत ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) असला तरी एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तेवढ्याने ज्योत जराही हलत नाही. उलट प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की तोच पेट घेतो. दिवा एक तर खोटा दिलासा देणार, नाही तर भडका उडवणार.

नाकावरही भिस्त नको. सडक्या अंड्यांचा वास १ पीपीएमच्या आतच येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. ‘वास गेला, चला आता’ म्हणत शिडीवर पाय ठेवणारे मी नोकरीत पाहिले आहेत. शिवाय गाळात अडकलेला वायू फावडं लागेपर्यंत बाहेरच येत नाही. मग सोड्याची बाटली हलवल्यासारखा एकदम सुटतो. तेव्हा झाकणापाशी वायू मोजणारा मीटर धरून रजिस्टरात ‘शून्य’ लिहिणं ही शुद्ध धूळफेक आहे. मीटर वर, मध्ये आणि तळाशी सोडायचा, आणि काम संपेपर्यंत उतरलेल्याच्या छातीवर राहू द्यायचा. सल्फाइडचं पाणी असलेल्या टाकीत कोणी ॲसिडची लाइन सोडली, तर हाच वायू नव्याने सुटतो आणि सकाळचं रीडिंग दुपारी कवडीमोल ठरतं.

पहिला पडला की दुसरा तोंडाला रुमाल बांधून उडी घेतो. रुमालाने काय, धुळीच्या मास्कनेही हा वायू अडत नाही. पाठीवर हवेचं सिलिंडर नसेल तर वरून दोराने ओढावं, आत जाऊ नये.

यातलं काहीच नवीन नाही. कारखाने अधिनियम १९४८, कलम ३६ ने केव्हाच सांगून ठेवलं होतं: एक तर तपासणी करून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला द्यावा, किंवा उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा असावा, पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तो आकडा बातमीत ठळक येतो. दाखल्याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात क्वचितच आला.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की ‘गुदमरून मृत्यू’ लिहून मोकळं होण्याआधी त्या दिवशीचा दाखला मागून पाहावा, आणि त्यावर सही कोणाची आहे तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त सेफ्टी सुपरवायझर, डोंबिवली