नानांच्या आजाराचे नेमके नाव सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,
सादर नमस्कार.

चपलांच्या स्टँडजवळ बसलेला लहान मुलगा नानांना अजूनही अधूनमधून दिसतो. दीड वर्षापूर्वी त्याच्यावरून घरात रोज भांडण होत असे. "तिथे कोणी नाही" हे आम्ही आवाज चढवून सांगत होतो, शेजारी बाहेरची बाधा म्हणत होते, आणि आईने दृष्टही काढून पाहिली होती. सकाळी वर्तमानपत्र वाचून बातमीवर नीट बोलणारा माणूस दुपारी स्वतःच्याच घरात "आपण घरी कधी जायचे?" असे विचारू लागला, की ते मुद्दाम करतात असेच आम्हाला वाटे. तो 'लेवी बॉडी डिमेन्शिया' हा मेंदूचा आजार आहे, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. या गैरसमजाचे मला आजही फार वाईट वाटते.

त्याआधी एका रुग्णालयात, रात्री फार अस्वस्थ झाले म्हणून, त्यांना हॅलोपेरिडॉल हे शांत करणारे औषध दिले गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले, घास गिळता येईना, आणि पूर्ववत चालायला तीन आठवडे लागले. "वयाच्या मानाने अल्झायमर आहे, असे व्हायचेच," एवढेच उत्तर आम्हाला मिळाले.

आपण मात्र आधी बी-१२, थायरॉईड, सोडियम आणि एमआरआय पाहिले, कारण विसरण्याची काही कारणे उपचाराने सुधारणारी असतात. मग नानांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळ काढायला दिलेत. पाच मिनिटांनी त्यांनी तिन्ही शब्द बरोबर सांगितले. घड्याळात मात्र सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक चढले होते. एसटीत तीस वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून ज्यांनी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, त्यांच्या हातचा तो कागद पाहून मला रडू आवरेना. आपण शांतपणे आईकडे वळून विचारलेत, "झोपेत हे हातपाय झाडतात का?" आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की आठ-नऊ वर्षांपूर्वी झोपेत ओरडत त्यांनी तिला लाथ मारली होती, तेव्हापासून ती वेगळ्या दिवाणावर झोपते. हे तिने आम्हा मुलांनाही कधी सांगितले नव्हते.

स्वप्न पडत असताना निरोगी माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात. या आजारात तो लगाम पुष्कळदा कितीतरी वर्षे आधीच सुटतो, हे आपण समजावून सांगितलेत. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांनी ज्या प्रथिनाच्या गोळ्यांचे ('लेवी बॉडी') वर्णन केले, ते या आजारात मेंदूच्या पेशींत साठतात; तेच गोळे पार्किन्सनमध्येही सापडतात, म्हणून नानांची चाल मंदावली होती आणि उभे राहताच रक्तदाब घसरत होता. डिमेन्शिया हे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या लक्षणांच्या समूहाचे नाव असून अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, हेही तेव्हाच कळले. आमच्या काकांची बुद्धी दर झटक्यानंतर पायरी उतरावी तशी उतरत गेली होती, ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे. फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागांच्या, प्रकारात आधी स्वभाव किंवा बोलणे बदलते आणि तो पुष्कळदा पासष्टीच्या आतच गाठतो. आम्ही या सगळ्याला एकच म्हातारचळ म्हणत आलो होतो.

निदानापुढे आपण "बहुधा" हा शब्द प्रामाणिकपणे लिहिलात आणि एकाच मेंदूत दोन प्रकार असू शकतात हेही लपवले नाहीत. रिव्हास्टिग्माईन हे औषध सुरू केल्यावर नानांचे भास कमी झाले. आजार बरा होणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हॅलोपेरिडॉलसारखी कोणती औषधे या आजारात द्यायची नाहीत, याचा आपण लिहून दिलेला कागद आता त्यांच्या फाईलमध्ये सर्वांत वर असतो. गेल्या महिन्यात तापामुळे त्यांना दाखल करावे लागले, तेव्हा रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तोच कागद वाचून हातातले इंजेक्शन परत ठेवले. त्या रात्रीबद्दल आपले आभार मानावेत, म्हणून हे पत्र लिहायला घेतले.

तो मुलगा दिसला की आता आई वाद घालत नाही. "भूक लागली असेल का त्याला?" असे ती विचारते, दिवा लावते आणि नानांचा हात धरून त्यांना गॅलरीत नेते. पुढच्या तपासणीला ती सोबत येणार आहे. आपल्याला प्रत्यक्ष भेटून नमस्कार करायचा तिचा आग्रह आहे.

आपली कृतज्ञ,
नानांची थोरली मुलगी