नुसत्या आडनावावर भागवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची आजी गेल्या महिन्यात गेली, 93 वर्षांची होऊन. तुमचा अंक ती मागून वाचायची: आधी क्रीडापान, मग निधनवार्ता, आणि कपात चहा उरलाच तर पहिलं पान. शेवटची दोन वर्षं नजर गेली तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. हे पत्र त्यातूनच निघालं आहे.

आजी शाळेत असताना खो-खो खेळायची. तिच्या कपाटात, इरकलीच्या घडीत, पिवळं पडलेलं एक कात्रण होतं. आंतरशालेय सामन्याचा निकाल, जेमतेम चार ओळी. त्यात ‘कु. कुलकर्णी हिने चार गडी टिपले’ एवढंच. घोळ असा, की संघात कुलकर्णी दोन! दुसरी लग्न होऊन नारायण पेठेत गेली आणि आजी सदाशिवात आली. हळदीकुंकवाला भेटल्या की विषय निघणारच. “अगं, खांबाशी सूर मारला तो मी. तू तर पाटीवर बसून होतीस,” इति आजी. “बसले होते म्हणूनच तू मला खो दिलास. गडी माझा.” हा खटला साठेक वर्षं चालला. त्या बाई वारल्या त्या दिवशी आजी बराच वेळ गप्प होती. रात्री जेवताना म्हणाली, “दोन तिचे धरू.”

लग्नाबरोबर तिचं खेळणं सुटलं, पाहणं आणि ऐकणं नाही. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी धावतं समालोचन लागलं की ती भाजी रेडिओपाशी निवडायला घ्यायची. 1948 च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद असताना काठियावाडचा संघ विश्रांतीत सामना सोडून गेला. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम गाठायला फक्त 9 धावा हव्या होत्या. आजीचे थोरले भाऊ तिथे होते. हा प्रसंग सांगताना तिचा आवाज अजूनही चढायचा, जणू काठियावाडवाले आत्ताच स्टेशनकडे निघालेत.

मला मात्र आठवतो 29 फेब्रुवारी 1996. विश्वचषकातला केनिया-वेस्ट इंडीज सामना, नेहरू स्टेडियम. घरात कुणाला त्यात रस नव्हता, म्हणून ती मला घेऊन गेली; मी शाळेत होते. सिमेंटच्या पायऱ्यांवर घडी केलेली सतरंजी, डब्यात भडंग. केनिया 166 मध्ये आटोपली. त्यांचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल गोलमटोल, चेंडू त्याच्या हातून सारखे निसटत होते, आजी चकचक करत होती. आणि लाराची कड लागली नेमकी त्याच्याकडे. आणि झेल हातात बसला! आजी उभी राहून ओरडली, “धरलंन गं बाई!” विंडीज 93 वर गारद. आजीचा आवाज दोन दिवस बसला होता.

2025 च्या जानेवारीत पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. आजीला दिसत नव्हतं, मी सांगत होते. “मॅटवर खेळतात? मग गुडघे कसे फुटणार?” अशी तिची तक्रार. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला, महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, हरमनप्रीतने तो शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. आजी जागी होती. दुसऱ्या दिवशी तुमचं क्रीडापान दोनदा वाचायला लावलंन.

पण त्याच पानाच्या तळाला, शालेय मुलींच्या निकालात, ‘पवार व जाधव यांची चमकदार कामगिरी’ असं होतं. आजीने विचारलं, “कुठली पवार?” मी काय सांगणार? खो-खोचे पहिले नियम ज्या गावात बांधले गेले, तिथल्या वर्तमानपत्रात एवढी तरी जागा निघावी. विश्वविजेत्यांची पूर्ण नावं आपसूक छापली जातात. तेरा वर्षांच्या मुलीचं नाव आयुष्यात एकदाच छापून येण्याची शक्यता जास्त. शाळेकडून यादी येतेच, तिच्यात पहिली नावं असतात. ती गाळू नयेत, एवढीच विनंती.

माझी भाची यंदा शाळेच्या संघात आहे. त्या संघात शिंदे तीन आहेत.

आपली,
एक जुनी वाचक,
सदाशिव पेठ, पुणे