वीस कसोट्यांची अट आणि विजय मर्चंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण भारताचा सर्वकालीन कसोटी संघ छापलात आणि आमच्या सोसायटीच्या बाकावर आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. गावसकर, द्रविड, सचिन, कपिल यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. सेहवागवरून दोन तट पडले, पण ते तो खेळत होता तेव्हाही पडायचेच. माझा आक्षेप आहे तो तक्त्याखाली बारीक टायपात छापलेल्या एका ओळीला : किमान २० कसोट्या खेळलेल्या फलंदाजांचाच विचार केला आहे.

या एका ओळीने विजय मर्चंट बाद झाले. त्यांच्या नावावर १० कसोट्या, ८५९ धावा, सरासरी ४७.७२. आता हे दहा सामने कसे पडले ते पाहा. १९३२ च्या पहिल्या कसोटीपासून १९४६ पर्यंत भारत एकूण दहाच कसोट्या खेळला, आणि पहिली सोडली तर उरलेल्या नऊच्या नऊ मर्चंट खेळले. १९३६ च्या ऑगस्टनंतर थेट १९४६ चा जून. मधली दहा वर्षे एकही कसोटी नाही! मर्चंट तेव्हा चोविशीपासून चौतिशीपर्यंतचे, म्हणजे फलंदाजाचे ऐन उमेदीचे वय. पुढे १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध दहावी कसोटी खेळले, १५४ धावा केल्या आणि खांद्याच्या दुखापतीने थांबले. वीस कसोट्या त्यांनी आणायच्या तरी कुठून?

मग अटच काढून टाका, असे म्हणणे सोपे आहे. आमच्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी पुरवणीतला तक्ता कापून आणला, २० वर निळ्या बॉलपेनने काट मारून वर १० लिहिले आणि यादी नव्याने लावली. मर्चंट आले, पण त्यांच्याबरोबर विनोद कांबळीही आला आणि तोही थेट सचिनच्या वर! कांबळीची सरासरी ५४.२०, सचिनची ५३.७८. आकडा खोटा नाही. पण एकाच्या कसोट्या १७, दुसऱ्याच्या २००; शिवाय कांबळीची चारही शतके १९९३ या एकाच सालातली. तेव्हा अट हवी, हे मला मान्य आहे.

ती सगळ्यांना सारखी लावणे मात्र मान्य नाही. कांबळी सतराव्या कसोटीनंतर थांबला तेव्हा भारताचे कसोटी सामने चालूच होते, संघात जागा दुसऱ्यांना मिळाली. मर्चंटच्या वेळी देशालाच सामने नव्हते. एकाची निवड झाली नाही आणि दुसऱ्याच्या वेळी निवडायला संघच नव्हता, या दोन गोष्टी तक्त्याच्या एकाच रकान्यात कशा बसतील? स्वातंत्र्यापूर्वीच्या खेळाडूंसाठी प्रथम श्रेणीचे, म्हणजे कसोट्यांबरोबर रणजी आणि दौऱ्यांतले मोठे सामनेही धरून होणारे आकडे धरा. तिथे दहा हजारांहून अधिक धावा केलेल्या फलंदाजांत ब्रॅडमनच्या ९५.१४ नंतर मर्चंटचीच ७१.६४ ही सरासरी आहे. त्या धावा मुंबईच्या पाटा, फलंदाजाला सोप्या खेळपट्टीवरच्या, असे कुणी म्हणेल. तर १९४६ चा इंग्लंड दौरा काढा. पावसाळी हंगाम, न झाकलेल्या खेळपट्ट्या, तरी दौऱ्यात २३८५ धावा, ७४.५३ च्या सरासरीने.

पुणेकर असल्यामुळे मी भाऊसाहेब निंबाळकरांचेही घोडे पुढे दामटीन असे वाटेल. नाही दामटणार. १९४८ साली पुण्यात त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला, हे ऐकून आजही चडफडायला होते. पण एका डावावर सर्वकालीन संघात जागा मागता येत नाही. प्रा. दि. ब. देवधरांचे प्रकरण वेगळे. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या संघाविरुद्ध १४८ धावा काढणारा हा संस्कृतचा प्राध्यापक, भारताला पहिली कसोटी मिळाली तेव्हा चाळिशीला पोचला होता. त्यांना संघात घ्या असे मी म्हणत नाही, पण पानभर लेखात निदान नाव तरी यायला हवे होते.

पुढच्या रविवारी गोलंदाजांची पाळी, असे आपण जाहीर केले आहे. तिथे १०० बळींची अट घालाल, अशी मला भीती आहे. अमरसिंगचे २८ बळी, महंमद निसारचे २५. दोघेही चाळणीतून खाली पडतील. अमरसिंग १९३६ पर्यंतच्या भारताच्या सातही कसोट्या खेळला आणि १९४० साली, वयाच्या तिशीआधीच वारला. निसार त्या सातांपैकी सहा खेळला. तेव्हा तक्त्यात 'कसोट्या' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना द्यावा : त्या काळात भारत एकूण किती कसोट्या खेळला. जागा कमी पडत असेल तर शेजारची अर्ध्या पानाची जाहिरात थोडी आक्रसता येईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे ३०