हुतात्मा नव्हे, नायब सुभेदार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सोमवारच्या अंकात कुंभार्ली घाटातील धावेची बातमी ‘कारगिलच्या हुतात्म्यास मॅरेथॉनमधून मानवंदना’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झाली आहे. या मथळ्यातील मानवंदना हा एक शब्द सोडला, तर उरलेले तिन्ही शब्द चुकीचे आहेत. ज्याच्या स्मरणार्थ ही धाव झाली, तो माझा बालमित्र होता. मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो आणि गेल्या पावसाळ्यात त्याच्या तिरडीला मी खांदा दिला. त्यामुळे हे पत्र लिहिण्यावाचून मला गत्यंतर राहिले नाही.

सर्वांत हलकी चूक आधी सांगतो. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरांची असते. आमची धाव घाटाच्या पायथ्यापासून चढणीची, 11 किलोमीटरांची होती आणि तसे आम्ही दिलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिले होते. हल्ली चार माणसे धावली की तिला मॅरेथॉन म्हणण्याची पद्धत पडली आहे, म्हणून ते एक वेळ सोडून देतो.

कारगिलचे मात्र सोडता येत नाही. माझा मित्र 1968 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला आणि 1971 च्या युद्धात पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, आजच्या बांगलादेशातील जमालपूरला लढला. ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला मोर्चे धरून ही पलटण बसली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार होते. शरण येण्यास सांगणाऱ्या पत्राला पाकिस्तानी कमांडरने कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी उत्तरादाखल धाडली, हा प्रसंग तो सांगू लागला की आमच्या पारावरची मुले जेवायला घरी जायची नाहीत. 10 डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघालेले शत्रूचे सैनिक याच पलटणीच्या मोर्च्यांवर चालून आले, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. दर वर्षी तो दिवस आपण विजय दिवस म्हणून पाळतो आणि त्याच्या आसपासचा रविवार आम्ही धावेसाठी मुद्दाम निवडला होता. कारगिल विजय दिवस 26 जुलैला असतो. कारगिलचे युद्ध 1999 साली झाले, तेव्हा माझा मित्र नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षे लोटली होती आणि तो मागच्या परड्यात हापूसची कलमे बांधत होता. डिसेंबरातल्या कार्यक्रमाला कारगिलचे नाव देताना आपल्या कार्यालयातील कोणालाही दिनदर्शिकेकडे पाहावेसे वाटले नाही, याचे मला नवल वाटते.

आता हुतात्मा या शब्दाविषयी. माझा मित्र वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेला. हुतात्मा हा शब्द परत न आलेल्यांचा आहे, असे तो नेहमी म्हणे आणि त्या शब्दाच्या बाबतीत तो फार हळवा होता. एका शाळेत झेंडावंदनाला बोलावून त्याची ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी ‘जिवंत हुतात्मा’ असे म्हटले, तेव्हा तो व्यासपीठावरून उठला, ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि जमालपूरला त्याच्या उजव्या-डाव्या हाताला पडलेल्या दोन जवानांची नावे व गावे सांगून खाली बसला. भाषण त्याने केलेच नाही. सोमवारी सकाळी त्याच्या घरी आपला अंक आला, तेव्हा मी तेथेच होतो. वहिनी त्याच्याविषयी छापून आलेले प्रत्येक कात्रण वहीत चिकटवतात. त्यांनी ओळीखाली बोट धरून बातमी शेवटपर्यंत वाचली, “हे आमचे नव्हेत” एवढेच म्हणाल्या आणि अंक घडी करून बाजूला ठेवला. वहीला त्यांनी हातही लावला नाही.

बातमीत प्रमुख पाहुण्यांची नऊ नावे आहेत, विजेत्यांच्या वेळा सेकंदासह आहेत, छायाचित्रात हिरवा झेंडा दाखवणारे हातही आहेत. धाव कशासाठी होती, हे मात्र एका शब्दाने कोठे आलेले नाही. ते मी येथे सांगतो, कारण त्याच्या आयुष्यातील मोठे काम युद्धानंतरचे आहे आणि ते कोणत्याही पदकावर कोरलेले नाही.

घाटाच्या कुशीत वरच्या अंगाला धनगरवाडे आहेत. आमच्या बाजूच्या वाड्यापर्यंत आजही गाडी जात नाही. कोणी आजारी पडले की एका वाशाला घोंगडीची दोन्ही टोके बांधायची, त्या झोळीत माणूस घालायचा आणि दोघांनी पुढे-मागे खांदा देऊन खाली आणायचे. निवृत्त होऊन आल्यापासून माझा मित्र या डोलीचा कायमचा खांदेकरी होता. फुरसे चावलेला पोर असो, अडलेली बाई असो, वरून निरोप आला की तो बॅटरी आणि काठी घेऊन निघे आणि वाटेत मला हाक मारी. “दोनशे पावलं झाली, खांदा बदला,” ही त्याची आज्ञा माझ्या कानांत अजून आहे.

2009 च्या जुलैमध्ये दमा उठलेल्या एका म्हातारीला आम्ही सहा जण रात्री खाली आणत होतो. पाऊस असा की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. जांभ्या दगडाच्या उतारावर पाय ठरत नव्हते आणि वाशाला लोंबणारी ती झोळी प्रत्येक पावलाला आत मिटत होती. अर्ध्या वाटेवर त्याने हात वर करून सर्वांना थांबवले आणि घोंगडी उघडली. म्हातारीची हनुवटी छातीला टेकली होती, गुडघे पोटाशी आले होते आणि श्वास थांबलेला होता. त्याने तिला दगडावर सरळ निजवले, तिच्या अंगावरचे लुगडे नीट केले आणि स्वतःचे इरले तिच्यावर धरून उजाडेपर्यंत तो तसाच बसून राहिला. पहाटे तो मला म्हणाला, “मास्तर, दमेकऱ्याला आपण घडी घालून आणतोय. अंग न दुमडता आणता आलं असतं, तर ती पोचली असती.” जमालपूरला जखमी सोबत्याला त्यांनी गावकऱ्यांच्या बांबूच्या खाटेवर निजवून नेले होते आणि तो जगला होता, हेही त्याने त्याच पहाटे सांगितले.

तेव्हापासून प्रत्येक वाड्यावर एक पट्ट्यांचे, घडीचे, सपाट स्ट्रेचर असावे, हा त्याचा ध्यास होता. निवृत्तिवेतनातून त्याने एक घेतले, ते अजून वापरात आहे. उरलेल्या वाड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून आम्ही त्याच्या रोजच्या सकाळच्या वाटेवर ही धाव ठेवली. जमा झालेला पै न पै त्यासाठीच आहे. बातमीत हे एक वाक्य आले असते, तर ज्यांना धावता आले नाही त्यांनीही हातभार लावला असता.

दर पावसाळ्यात आपल्याच दैनिकात डोलीतून नेल्या जाणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र पहिल्या पानावर झळकते आणि खाली ‘प्रशासन कधी जागे होणार’ असा प्रश्न असतो. त्या छायाचित्रात खांदा देणाऱ्यांची नावे मी एकदाही वाचलेली नाहीत, आणि गणपती येईपर्यंत त्या वाटेचा आपल्यालाही विसर पडलेला असतो. वाट होईल तेव्हा होईल, परंतु डोली वाहणाऱ्या माणसाच्या नावाने धाव होते आणि तिच्या बातमीत डोली नसते, हे मला अतिशय लागले आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, दुरुस्ती शेवटच्या पानावरच्या कोपऱ्यात न देता बातमी होती त्याच पानावर, त्याच जागी द्यावी आणि तीत तीन गोष्टी असाव्यात: 1971 हे साल, नायब सुभेदार हा हुद्दा आणि स्ट्रेचरचा उल्लेख. त्या दिवशीचा अंक मी स्वतः वहिनींकडे घेऊन जाईन. वहीतले पान त्यांनी कोरे ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी