सांधेदुखी म्हणजे फक्त झीज नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्याच्या पानावर सांधेदुखीबद्दल नेहमी येतं, पण वय, वजन, कॅल्शियम आणि झीज याच्या पुढे लेख जातच नाहीत. माझ्या बहिणीला तिशीतच आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) झाला आणि "या वयात कसली सांधेदुखी" म्हणत कितीतरी महिने नुसत्या पेनकिलरवर गेले, म्हणून कळकळीने लिहितेय.

आमवातात आधी काही झिजत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर चालून येते. मग ते अस्तर सुजून जाड होतं, आणि कूर्चा (हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडायला लागतं. तिथल्या पेशी टीएनएफ, आयएल-6 अशी रसायनं सोडतात, ती आणखी पेशींना बोलावतात, आणि सूज स्वतःच स्वतःला वाढवत राहते. हे सांध्यापुरतंही राहत नाही. आयएल-6 रक्तातून लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं (सूज असली की रक्ताच्या रिपोर्टमधे वाढलेला दिसतो तो हाच), शिवाय लोह अडकून पडतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. पेशंट नुसता बसून पण थकतो ते यामुळे, त्याला आळशी म्हणू नका हो. हार्ट अटॅकचा धोकासुद्धा वाढतो.

आता पेनकिलर काय करते तर प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं-सूज आणणारं रसायन अडवते, त्याने दुखणं आणि थोडी सूज कमी होते पण टीएनएफचं काम आत चालूच राहतं, म्हणजे बरं वाटतंय आणि हाड खाल्लं जातंय असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

लंडनच्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या संशोधकांनी पेशंटच्या सांध्यातल्या पेशी लॅबमधे तपासल्या, तेव्हा एकटा टीएनएफ अडवला तरी बाकीची रसायनंही उतरतात असं दिसलं, आणि 1992 मधे पहिल्या पेशंटना टीएनएफ अडवणारं इंजेक्शन दिलं गेलं. आजच्या बायोलॉजिक (आजारातला एखादा दुवा नेमका अडवणाऱ्या) औषधांची सुरुवात तिथून आहे. अर्थात सगळ्यांना ती लागत नाहीत, बहुतेकांची सुरुवात अजूनही मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या जुन्या औषधानेच होते.

तर विनंती अशी की सकाळी अर्धा-एक तास बोटं आखडणं, हाताचे छोटे सांधे दोन्हीकडे सुजणं, हालचाल केल्यावर बरं वाटणं, ही लक्षणं ठळक छापा. आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो हेही छापा, त्या एका रिपोर्टवर लोक निर्धास्त होतात. आणि मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं, हे तर चौकटीत टाका.

आपली,
एक नियमित वाचक