कल्हईचे दीड रुपये

शहापूर, बेळगाव
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्त्या,

अप्पांच्या बाराव्याला तू येऊन गेलास, त्यानंतर माझा तुला एक फोन नाही. तुझे चार आले, तेही मी घेतले नाहीत. रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. पण हे फोनवर बोलायचं नव्हतं आणि लिहायला हात होत नव्हता. इथं बाकी सगळं ठीक. आईचं बीपी आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच.

अप्पांची ट्रंक उघडली. एलआयसीच्या पावत्यांखाली एक पिवळा पडलेला कागद होता. शकूचा, आपल्या धाकटीचा. तिच्या लिव्हरचा तुकडा काढला होता हे मला माहीतच नव्हतं रे. आपल्याला 'कावीळ' एवढंच सांगितलेलं. कागदावर टाइप केलेला एकच शब्द, 'सिऱ्होसिस', म्हणजे लिव्हर आकसून कडक होणं, आणि कोपऱ्यात बायोप्सीचा नंबर, १९७२ चा.

त्या हॉस्पिटलच्या तळघरात जुने मेणाचे ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून जपलेले ठोकळे, अजून आहेत. ते फेकू नका म्हणून गेली तीस वर्षं मीच त्यांच्या मागं लागलोय. दोन रविवार धूळ खात बसलो आणि सापडला. काडेपेटीपेक्षा लहान मेणाचा ठोकळा. खिशात घालून स्कूटरवरून घरी आणला. रेल्वे गेटला गाडी उभी राहिली तेव्हा हात खिशावरच होता. तू आणि मी तिला कडेवर घेऊन याच गेटला मालगाडीचे डबे मोजायचो.

लॅबमधल्या पोरीला तो कुणाचा ते सांगितलं नाही. तिनं बर्फावर ब्लॉक गार केला, चार मायक्रॉनच्या पट्ट्या कापल्या आणि कोमट पाण्यावर सोडल्या. मेणाची रिबन पसरली. मधोमध सुतळीच्या धाग्याएवढा तुकडा, जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तिनं तो काचेवर अलगद झेलला. एरवी मी तिथं कधी थांबत नाही, त्या दिवशी हललो नाही.

आम्ही ऑर्सिन नावाचा एक रंग वापरतो. १९७४ मध्ये जपानच्या शिकातांनी तो हेपॅटायटिस बी ओळखण्यासाठी बसवला. पुढं कळलं की पेशीत साठलेल्या तांब्याला धरून बसणारं प्रथिनही त्यात तपकिरी दिसतं. म्हणजे १९७२ मध्ये ज्यांनी तो कागद टाइप केला, त्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं. जवळजवळ प्रत्येक पेशीत काळपट-तपकिरी दाणे, मोहरी सांडावी तसे. दुसऱ्या स्लाइडवर फुगलेल्या पेशी, त्यांत मॅलरी हायलिनचे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचे, गुलाबी गोळे, आणि एकेका पेशीला वेढून बसलेले तंतू. इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. पोरांना शिकवायला मी आयुष्यभर अशी स्लाइड शोधत होतो.

दत्त्या, तांबं आलं कुठून ते तुला ठाऊक आहे.

तू म्हणायचास, हा कसला डॉक्टर, पेशंटचं तोंड बघत नाही, नुसते तुकडे बघतो. आणि असं म्हणणारा तू, शाळेत देवीची लस टोचायला आले तेव्हा खिडकीतून उडी मारून पळालेला! पण या तुकड्यांचं मला वेड लागलं ते खरं. सुईनं काढलेला दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे अख्ख्या लिव्हरचा पन्नास हजारावा हिस्सा, आणि त्यावरून माणसाचं पुढचं सांगायचं. आतड्याचा टीबी की क्रोन्स, म्हणजे तसाच दिसणारा आतड्याच्या सुजेचा आजार, हे ठरवताना आजही माझी झोप उडते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरतो, आणि क्रोन्सला टीबी समजलं तर पेशंट सहा महिने नको त्या गोळ्या खात झिजतो. चिकोडीची एक पोरगी गेल्याच महिन्यात अशी अडली होती. तीन बायोप्सींत काही नाही. चौथीत एकमेकांत मिसळलेले मोठे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे पुंजके, मधे कुजलेला भाग. टीबी. आता वजन वाढतंय तिचं.

हे सगळं कशाला सांगतोय? कारण मूळ गोष्टीला हात घालवत नाही.

१९८७ मध्ये एमडीच्या प्रबंधाला मी लहान मुलांचा सिऱ्होसिस हाच विषय घेतला होता, आठवतं? तुला पुण्यात पत्र टाकलं होतं, केसेस मिळत नाहीत म्हणून. शेवटी गाइडनी विषय बदलायला लावला. मी चिडलो होतो, दत्त्या. पोरं मरायची थांबली होती आणि मी चिडलो होतो, कारण माझा आकडा भरत नव्हता.

ती थांबली त्याचं कारण तुझ्या पुण्यातच सापडलेलं. केईएममध्ये डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारत विचारत माग काढला. १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं: अंगावरचं दूध लवकर सुटलं, वरचं दूध सुरू झालं आणि ते पितळेच्या भांड्यात तापवलं, ठेवलं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. तान्ह्या बाळाच्या लिव्हरमध्ये तांबं जन्मतःच जास्त असतं, त्यात ही भर. लिव्हरमध्ये कोरड्या वजनाच्या ग्रॅममागं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असायचं ते या मुलांत कित्येकदा हजाराच्या वर. ऑस्ट्रियात टायरोलमध्ये १३८ बाळं अशीच गेली, १९०० ते १९७४ मध्ये, तांब्याच्या भांड्यातल्या दुधानं. तिथं भांडी बदलली आणि रोग गेला. इथंही तेच. जुन्या लुगड्यांवर स्टीलची पातेली देत दारोदार फिरणाऱ्या त्या बोहारणींनी किती पोरं वाचवली असतील, त्यांना कुणी सांगितलंही नाही.

पण पितळ म्हणजे विष नव्हे. त्यातलं तांबं दुधात उतरू नये म्हणूनच तर कल्हई होती, आतून कथिलाचा लेप.

१९७१ चा दसरा. आईनं तुला-मला पिशवीत दुधाचं पातेलं आणि दोन डबे देऊन पाठवलं, वर दीड रुपया. पिंपळाखाली कल्हईवाला भाता मारत बसला होता. आपण पाच मिनिटं बघत उभे राहिलो. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की उठणारा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील आणि आत एकदम चांदी. मग कुणीतरी म्हणालं, आनंदवाडीला कुस्त्या आहेत. तू म्हणतोस मी म्हणालो, मी म्हणतो तू. या भांडणाला आता चोपन्न वर्षं झाली. कल्हईवाल्याचा भाता फुटलाय ही थाप मात्र तुझीच होती, ते तूही नाकारत नाहीस. पुढची कल्हई झाली ती चैत्रात. तेव्हा शकू वर्षाची झाली होती आणि तिचं पोट दिसायला लागलं होतं. श्रावणात गेली.

मी रोज रात्री हिशेब मांडतो. जुनी कल्हई दसऱ्याच्या आधीच तळाला गेलेली असणार. आपल्या गल्लीत निम्म्या घरांत तसलीच पातेली होती, आणि सगळीच पोरं काही गेली नाहीत. म्हणजे तिच्या प्रकृतीतच काहीतरी असणार. तेच दूध मी प्यायलो, पण अकरा वर्षांचं लिव्हर तांबं पित्तातून बाहेर टाकतं. हे सगळं मी दुसऱ्या कुणाच्या बापाला सांगितलं असतं आणि त्याला पटलंही असतं. पण दसरा ते चैत्र म्हणजे सहा महिने, हे बोटांवरून हटत नाही.

आणि आईनं परवा विचारलं. ट्रंकेतला कागद तिनं बघितला होता. ''तू एवढा लिव्हरचा डॉक्टर झालास, माझ्या पोरीला काय झालतं सांग की.'' आजीनं तिला मरेपर्यंत ऐकवलं की तुझं दूध बाधलं. शहाऐंशीव्या वर्षीही तिला तेच वाटतं. तुझं दूध नव्हे, एवढं सांगितलं तर ती विचारणार, मग काय? पातेलं म्हटलं तर ते तिच्या माहेरचं, रुखवतातलं. कल्हई म्हटलं तर तिला तो भाता आठवणार. तिला सगळं आठवतं, दत्त्या. मी 'बघून सांगतो' म्हणून उठलो. रिपोर्ट द्यायला एवढा उशीर मी कधी केला नाही.

तुझं राहूनच गेलं. नातवाचं बारसं झालं म्हणे, नाव काय ठेवलं? वहिनींचं मोतीबिंदूचं उरकून टाक, लांबवू नको. प्लॉटचं तू म्हणतोस तसंच करू, मी भांडत नाही आता.

गणपतीला ये. एकट्यानं ये. आईजवळ आपण दोघांनी बसायचं आहे. सुरुवात तू करायची की मी, ते गाडीतून उतरलास की ठरवू. पातेलं माळ्यावरून काढून ठेवलंय, घासलेलं नाही.

तुझा,
वसू