बार्शीच्या एसटीचे चालक, वाहक आणि सहप्रवासी यांचे आभार

माझ्या डाव्या मूत्रपिंडातील 9 मिलिमीटरचा खडा सोलापुरात शरीराबाहेरून दिलेल्या आघातलहरींनी फोडण्यात आला. चिरफाड नसल्याने मी त्याच संध्याकाळी एकटाच बार्शीच्या एसटीने निघालो; सोबत कोणीतरी हवे होते, हे आता कळते. फुटलेले कण लघवीवाटे बाहेर पडतात, पण त्यांतला एखादा मूत्रवाहिनीत अडकला की काय होते, ते वैरागच्या अलीकडे मी अनुभवले. कळ अशी उठली की उलट्या सुरू झाल्या आणि बसवेना.

वाहकांनी मागचे बाक रिकामे करवून मला आडवे केले, स्वतःचा स्वेटर घडी करून उशाला दिला, आणि चालकांनी गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. तिथे इंजेक्शनने वेदना शमली. माझी एक्स-रेची फाइल गाडीतच राहिली होती. ती वाहकांनी बार्शीहून उलट येणाऱ्या गाडीतील सहकाऱ्याच्या हाती त्याच रात्री पाठवली, हे मी कधीही विसरणार नाही. उशीर होऊनही एकही प्रवासी कुरकुरला नाही.

अडकलेला तुकडा तिसऱ्या दिवशी पडला. नावे विचारण्याचे भान तेव्हा राहिले नाही, म्हणून आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार येथे मानतो. वाहकसाहेब, आपला स्वेटर धुऊन जपून ठेवला आहे.